तारापूर ते वसई : 101 दिवस

तारापूर म्हटले की आज अणुवीज केंद्र आठवते. चिंचणीहून खाडीपलीकडे असलेला तारापूरचा किल्ला फारसा कुणाला आठवत नाही. पण दोनशे वर्षांच्या फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, प्रांताचे आयुष्य संपायला आले, ते याच भिंतीशी.

हा प्रांत 1534 पासूनचा. वसई ही त्याची राजधानी. साष्टीसारखी बेटे, किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, किल्ला, चर्च आणि जहाज यांवर तो उभा होता.

(खालच्या तारखा जुन्या कालगणनेच्या आहेत. आजच्या हिशेबाने त्यांत 11 दिवस मिळवावेत.)

वसईच्या तहाच्या 116 दिवस आधी, 9 जानेवारी 1739. मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी केळवे-माहीम घेतले. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसले. गोव्यालाच आपला जीव वाचवायचा होता, तिथून मदत कुठली येणार?

101 दिवस आधी, 24 जानेवारी. तारापूर. तटाखाली चार सुरुंग, त्यांतले दोन नीट उडाले. बुरूज आणि भिंत ढासळली, मराठे खिंडारात शिरले. आतले फिरंगी मागे हटले नाहीत, हातघाईची लढाई झाली. मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. किल्ला हाती आला, पण बाजीराव पेशव्यांना त्यांच्या आईचे सांत्वन करणारे पत्र लिहावे लागले. मला या मोहिमेतली सगळ्यात जड घटना हीच वाटते.

तारापूर, डहाणू, अशेरी गेल्यावर वसईची उत्तर बाजू उघडी पडली. फेब्रुवारीत वेढा आवळला. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना 15,000 रुपये कर्ज दिले, तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन! किल्ल्याचा सेनापती मार्तिन्यु सिल्वेरा मारला गेला, सूत्रे कायतान द सौझा परेरा याच्याकडे आली.

72 तास आधी, 2 मे. वसईच्या तटाखालचे सुरुंग पेटले. खिंडार पडले, पण हल्ला परतवला गेला.

48 तास आधी, 3 मे. सान सेबास्तियांव बुरूज उडाला. मराठे ढिगाऱ्यावर चढले. आतून प्रतिकार चालूच राहिला, पण पोर्तुगीजांकडे आता माणसेही उरली नव्हती आणि दारूगोळाही.

24 तास आधी, 4 मे. किल्ल्यातून तहाची बोलणी सुरू झाली.

5 मे. तह झाला. फौजेने शस्त्रांसह, मानाने बाहेर पडावे. जाणाऱ्यांना आठ दिवसांची मुदत. मागे राहणाऱ्यांनी आपला धर्म पाळावा. हजारो माणसे गमावलेल्या विजेत्याने दिलेल्या या अटी आहेत, हे लक्षात ठेवावे. चिमाजी अप्पांचे मोठेपण मी बुरूज उडवण्यापेक्षा या कागदात पाहतो.

12 मे. उरलेले पोर्तुगीज वसईतून निघून गेले.

वसईत आज चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. तारापूरच्या खिंडारात पडलेल्यांसाठी निदान एवढे तरी व्हावे: आजच्या हिशेबाने 4 फेब्रुवारीला चिंचणी-तारापूरच्या शाळांनी मुलांना किल्ल्यापाशी न्यावे आणि बाजी भिवरावांचे नाव सांगावे.