येरवडा : कराराची जागा आणि कैद्यांची नावे

दरवर्षी 1 जानेवारीस घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील विहारांमधून भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाकडे निघणाऱ्या गाड्या पुणे शहर ओलांडून नगर रस्त्यास लागतात. याच परिसरात इतिहासप्रसिद्ध बंदिवासाची दोन ठिकाणे आहेत. आगाखान पॅलेसमध्ये 1942 ते 1944 या काळात गांधीजी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांचे निधन तेथेच झाले. 1969 मध्ये आगाखान यांनी ती वास्तू राष्ट्राला अर्पण केली आणि आज ती स्मारक-संग्रहालय आहे. दुसरे ठिकाण म्हणजे 1871 मध्ये उभारलेले येरवडा मध्यवर्ती कारागृह. ते आजही कारागृहच आहे. तथापि 26 जानेवारी 2021 रोजी महाराष्ट्र शासनाने येथूनच ‘कारागृह पर्यटन’ योजनेचा आरंभ केला, आणि पुणे कराराची जागा ही दर्शनीय स्थळांपैकी एक म्हणून जाहीर झाली.

बंदीशाळेचे दर्शन घेणे ही गोष्ट बौद्धांना नवखी नाही. राजगृहास जाणारा यात्रिक बिंबिसाराचा कारावास म्हणून दाखविले जाणारे दगडी अवशेष आवर्जून पाहतो. सामञ्ञफलसुत्तात पाच नीवरणांना ऋण, रोग, बंधनागार, दास्य आणि कांतारमार्ग अशा उपमा दिल्या आहेत. ज्या अजातशत्रूने पित्याला बंदीत टाकले, त्यालाच हे सुत्त उपदेशिले आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यातील बंधनागाराची उपमा किती धारदार आहे ते कळते.

कारागृहाची स्मृती सामान्यतः कोठडीभोवती रचली जाते. अमुक नेता येथे राहिला, हा त्याचा चरखा, ही त्याची खाट. परमपूज्य बाबासाहेबांना या रचनेत स्थान मिळणे अवघड, कारण ते कैदी म्हणून येरवड्यात कधी गेलेच नाहीत. सप्टेंबर 1932 मध्ये ते तेथे गेले ते वाटाघाटीसाठी. ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातील मतही शाबूत ठेवले होते. त्याविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबरला उपोषण आरंभिले. कारागृहाच्या आवारातील आंब्याच्या झाडाखाली त्यांची खाट होती. दडपण सारे एका बाजूने होते : एका माणसाचे प्राण आणि त्या प्राणांच्या बदल्यात गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर ओढवू शकणारा सूड. 24 सप्टेंबरला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील 148 राखीव जागा मिळाल्या. गेला तो स्वतंत्र मतदारसंघ. प्रत्येक राखीव जागेसाठी दलित मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चौघे निवडावयाचे आणि त्या चौघांतून एकाची निवड संयुक्त मतदारसंघाने करावयाची, अशी योजना ठरली. दलितांनी चौथ्या क्रमांकावर ठेवलेला उमेदवार सवर्णांच्या मतांवर पहिला होऊ शकत होता. हा दोष बाबासाहेबांनी 1945 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात आकडेवारीनिशी मांडला, आणि 1946 च्या निवडणुकांनी तो सिद्ध केला.

यापुढचा भाग आपल्याकडेही फारसा सांगितला जात नाही. मे 1946 मध्ये कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकीय अस्तित्वाची दखल घेतली गेली नाही. जुलैमध्ये पुण्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरले असता शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने सत्याग्रह पुकारला. पुणे करार रद्द करावा, ही त्यातील प्रमुख मागणी होती. तुकड्यामागून तुकड्या निघाल्या, अटका झाल्या आणि सत्याग्रही येरवड्यात डांबले गेले. त्यांत स्त्रियाही होत्या; नाशिकच्या शांताबाई दाणी या त्यांपैकी एक. ज्या भिंतींआड करार झाला, त्याच भिंतींआड त्याचा निषेध करणाऱ्यांनी शिक्षा भोगली! येरवड्याशी आपले नाते केवळ एका स्वाक्षरीचे नाही. ते कैद्यांचेही आहे. परंतु पर्यटन योजनेच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून जी नावे पुढे आली ती टिळक, गांधी, नेहरू, सुभाषबाबू यांची.

कोरियातील एका कारागृहाचा दाखला येथे उपयोगी पडेल. सोलचे सोदेमून कारागृह 1908 मध्ये उघडले, 1987 पर्यंत वापरात राहिले आणि 1998 पासून इतिहास-संग्रहालय आहे. 1 मार्च 1919 च्या स्वातंत्र्यघोषणेवर 33 जणांच्या स्वाक्षऱ्या होत्या. त्यांत दोन बौद्ध भिक्खू होते, हान योंग-उन आणि बेक योंग-सोंग. दोघांनीही येथे कारावास सोसला. जोसोन राजवटीत भिक्खूंची गणना हीन वर्गांत होई. राजधानीत प्रवेश करण्यास त्यांना असलेली मनाई 1895 मध्ये उठली. म्हणजे वेशीबाहेर ठेवलेल्यांपैकीच दोघे चोवीस वर्षांनी राष्ट्राच्या घोषणापत्रावर सही करीत होते. योंग-सोंग यांनी तुरुंगात इतर धर्मीयांचे ग्रंथ सोप्या कोरियन लिपीत पाहिले. सुटकेनंतर 1921 मध्ये त्यांनी त्रिपिटक-अनुवादासाठी मंडळ स्थापिले आणि चिनी भाषेत अडकलेली सूत्रे लोकभाषेत आणली. भगवंतांनी छंदसाची मागणी नाकारून आपापल्या भाषेत बुद्धवचन शिकण्याची जी अनुज्ञा दिल्याचे चुल्लवग्गात आले आहे, तिची ही विसाव्या शतकातील अंमलबजावणीच म्हणावी लागेल. प्रस्तुत लेखकाला पालि शिकविताना हा प्रसंग वारंवार आठवतो.

सोदेमूनमध्ये वसाहतकालीन कैद्यांच्या नोंदपत्रांवरील छायाचित्रे भिंतभर लावलेली आहेत. पुढाऱ्यांच्या शेजारी अनोळखी चेहरे, सारे एकाच आकाराचे. येरवड्याबाबत आपली मागणी अशीच नेमकी असावी. कराराच्या जागी कराराची सर्व कलमे मराठीत लावावीत, त्याखाली बाबासाहेबांची 1945 ची टीका असावी आणि 1946 च्या सत्याग्रहींची नावे कारागृहाच्या नोंदवह्यांतून काढून प्रसिद्ध करावीत. शासनाची वाट न पाहता होण्याजोगे कामही आहे. ‘जनता’ साप्ताहिकाचे 1946 च्या उत्तरार्धातील अंक पाहावयाचे आहेत. सत्याग्रहींच्या पुढच्या पिढ्यांपैकी काही कुटुंबे मुंबईच्या वस्त्यांतून असणार. कोणाच्या पेटीत सुटकेचा कागद असेल, कोणाला आजीने सांगितलेली बराकीची हकीकत आठवत असेल. 1946 मध्ये वीस वर्षांचे असलेले सत्याग्रही आज हयात असतील तर शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत.