कल्पसंख्येचे गणित : ब्रह्मगुप्त ते गणेश दैवज्ञ

विटा येथे पूजेच्या आरंभी पुरोहित संकल्प सांगतात, तेव्हा देशकालाच्या उच्चारात ‘श्वेतवाराह कल्प’ येतो. ऐकणारास तो विधीचा एक भाग वाटतो. परंतु ज्योतिर्गणितात कल्प ही निश्चित संख्या आहे : ४,३२,००,००,००० सौर वर्षे. ही संख्या इतकी मोठी का, याचे उत्तर केवळ पुराणांत नाही. ते तिच्या विभाज्यतेतही आहे.

ज्या अवधीत सर्व ग्रहांच्या प्रदक्षिणा, म्हणजे भगण, पूर्णांकी होतात असा अवधी सिद्धान्तकारांस हवा होता. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास ४३,२०,००० वर्षांचे महायुग घेतले. त्याचे मंगळ, गुरू व शनी यांचे भगण चारने भाज्य आहेत. म्हणून १०,८०,००० वर्षांतच ते तिघे आरंभस्थानी परततात. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली निराळे भगण स्वीकारले व कल्प हा अवधी घेतला. कल्पातील मंगळाचे भगण २,२९,६८,२८,५२२ व गुरूचे ३६,४२,२६,४५५. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) हेच मान्य केले.

कल्पसंख्येचे मूळ अवयव २, ३ व ५ एवढेच : दोनाचा अकरावा, तिनाचा तिसरा व पाचाचा सातवा घात यांचा हा गुणाकार. तिचे विभाजक ३८४ आहेत. मात्र मंगळाचे भगण व कल्प यांचा महत्तम साधारण विभाजक केवळ २, आणि गुरूचा ५. यास्तव मंगळास २१६ कोटी व गुरूस ८६ कोटी ४० लाख वर्षे लागतात. दोहोंचा लघुतम साधारण विभाज्य नेमका पूर्ण कल्प येतो. अर्थात या दोन ग्रहांमुळेच त्याहून लहान अवधी पुरत नाही. गुरूच्या संख्येतील अखेरच्या पाचाऐवजी शून्य पडले, तर साधारण विभाजक ५ऐवजी ५० होईल. म्हणून अशा संख्या छंदोबद्ध शब्दांकांत (आकाश म्हणजे शून्य, बाण म्हणजे पाच) सांगण्याच्या प्रथेचे मोल मोठे : अक्षर बदलले की वृत्त बहुधा चूक उघड करते.

या पूर्णतेची किंमत गणकास द्यावी लागे. शके १४४२पर्यंतचा कल्पारंभापासूनचा अहर्गण, म्हणजे लोटलेले दिवस, बहात्तर हजार कोटींहून अधिक होतो. त्यास शनीच्या १४,६५,६७,२९८ भगणांनी गुणिले असता एकवीस अंकी संख्या येते. जवळचा आरंभकाल घेणाऱ्या करणग्रंथांनी, भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहला’नेही (११८३), हा भार हलका केला होता, परंतु त्यांतही अहर्गण वाढतच राही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी त्याच शके १४४२मध्ये (१५२०) ‘ग्रहलाघवा’त तो वाढूच दिला नाही. अकरा सौर वर्षांत सुमारे १३६ चांद्रमास, म्हणजे ४,०१६ दिवस, होतात. हे एक ‘चक्र’. अहर्गणातून पूर्ण चक्रे वेगळी काढावयाची व उरलेल्या दिवसांपुरतीच ग्रहगती मोजावयाची. प्रत्येक चक्रामागे पडणारा फरक ‘ध्रुवक’ व आरंभीची स्थिती ‘क्षेपक’ यांनी उत्तर पुरे होते.

महाराष्ट्रात दीर्घकाळ पंचांगे या ग्रंथावरून होत असत. जी संख्या संकल्पात उच्चारली जाई, ती पंचांगकर्त्याच्या पाटीवर नव्हती. तेथे ४,०१६ होती. कल्पाने सर्व ग्रह एका पूर्णांकात बांधले, आणि चक्राने ते गणित सामान्य जोशाच्या आवाक्यात आणले. आपल्या गणितपरंपरेचा इतिहास लिहिताना पहिल्याचाच गौरव करून दुसऱ्यास केवळ सोय म्हणणे न्याय्य होणार नाही.