गृहसंगणक उद्योग आणि नेतृत्व

गृहसंगणक उद्योग : दूरचित्रवाणी संचास जोडून चालणाऱ्या आणि ध्वनिफितीवरून आज्ञावली वाचून घेणाऱ्या अल्पमोली संगणकांचा हा उद्योग १९७७ च्या सुमारास अमेरिकेत उदयास आला व दीड दशकात त्याचा बहर ओसरला; या अल्पावधीत त्यातील कंपन्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास यंत्रांच्या गुणदोषांइतकाच चालकांच्या निर्णयांवर अवलंबून राहिला.

कमोडोर : संस्थापक जॅक ट्रॅमिएल (१९२८–२०१२) यांनी, गणनयंत्रांच्या धंद्यात परक्या पुरवठादारावर विसंबल्याने सोसलेली हानी ध्यानी ठेवून, १९७६ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी हा चिपांचा कारखानाच खरेदी केला. स्वतःच्या चात्यांवर सूत काढणारी इंदूरची गिरणी, सूत विकत घेणाऱ्या मागवाल्यापेक्षा जितक्या मोकळेपणाने कापडाचा भाव ठरवू शके, तितकाच मोकळेपणा कमोडोरला त्यामुळे लाभला. १९८२ मध्ये ५९५ डॉलरांस निघालेला ‘कमोडोर ६४’ सुमारे वर्षभरात दोनशे डॉलरांच्या आसपास आला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये प्रतिस्पर्धी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने या बाजारातून माघार घेतली. परंतु अध्यक्ष अर्व्हिंग गूल्ड यांच्याशी मतभेद होऊन जानेवारी १९८४ मध्ये ट्रॅमिएल बाहेर पडले. त्याच वर्षी संपादन केलेल्या ‘अमिगा’ या संगणकाची रचना उत्कृष्ट असूनही, कारभारी वारंवार बदलत गेल्याने त्याच्या विकासास सातत्य लाभले नाही व १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

सिंक्लेअर : क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या स्पेक्ट्रमने (१९८२) १२५ पौंडांत संगणक ब्रिटनच्या घरोघरी नेला. पुढे ‘क्यूएल’ हा संगणक सिद्ध होण्यापूर्वीच जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी त्याची घोषणा केली. आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकांना महिनोन्‌महिने तिष्ठावे लागले आणि आरंभीच्या संचांच्या पाठीमागे, आत न मावलेल्या आज्ञावलीची डबी लोंबत राहिली. एप्रिल १९८६ मध्ये हा व्यवसाय ५० लाख पौंडांस ॲमस्ट्रॅडकडे गेला.

एकॉर्न : १९८३ च्या नाताळात ‘इलेक्ट्रॉन’ संगणक पुरेसे पुरविता आले नाहीत, आणि माल हाती आला तेव्हा मागणी ओसरली होती; १९८५ मध्ये ऑलिव्हेट्टीचे साहाय्य घ्यावे लागले. तथापि स्वतःचा प्रक्रियक घडविण्याचा १९८३ मधील निर्णय चिरस्थायी ठरला : त्यातून उपजलेली ‘आर्म’ रचना आज बहुतेक मोबाईल फोनांत आहे.

भारत : नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने या क्षेत्राचे निर्बंध शिथिल झाले. एकॉर्नचे ‘बीबीसी मायक्रो’ शासनाच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांत पोहोचले. डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने काढला. परवान्याने तयार यंत्र हाती आले, परंतु पुढील यंत्र घडविण्याचे सामर्थ्य स्वतःच्या रचनाकारांवर धन व धीर खर्चणाऱ्यांनाच लाभते, हा एकॉर्नचा धडा येथील उद्योगाने त्या काळी पुरेसा आचरणात आणला नाही.