कारण स्पष्ट सांगा : लारींची मागणी आणि गोवंश कायदे

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गोहत्याबंदीवर चर्चा झाली. पंडित ठाकुरदास भार्गव यांनी मांडलेली दुरुस्ती डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली आणि तीच पुढे संविधानाचा अनुच्छेद ४८ झाली. त्या दिवशी दोन मुस्लिम सदस्य बोलले. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला. त्यांनी बंदीला विरोध केला असेल, असा आपल्याकडे अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

लारींचे म्हणणे असे होते की, बहुसंख्याकांना गोहत्या बंद हवी असेल तर मुसलमान आड येणार नाहीत. गायीचीच कुर्बानी द्यावी असे इस्लाम सांगत नाही, त्याला फक्त मुभा आहे. पण कायदा निःसंदिग्ध शब्दांत करा. संदिग्धता ठेवलीत तर दर बकरी ईदला तंटे आणि अटका होत राहतील. सादुल्लांचा रोख थोडा वेगळा होता. गाय तुम्हाला पूज्य आहे म्हणून बंदी हवी, असे म्हणाल तर मी विरोध करणार नाही. पण श्रद्धेची गोष्ट अर्थकारणाच्या आडून आणू नका.

सभेने हे ऐकून घेतले आणि नेमके उलट केले. अनुच्छेद ४८ ची सुरुवातच शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून होते. गाय, वासरे आणि इतर दुभत्या व ओढकामाच्या जनावरांची कत्तल रोखण्याची गोष्ट त्यानंतर येते. श्रद्धेचा त्यात उल्लेख नाही. पुढच्या पंच्याहत्तर वर्षांतला बराचसा गोंधळ मला या एका वाक्यरचनेत दिसतो.

कारण अर्थकारणाचे दिले, की कोर्टात हिशेब अर्थकारणाचाच होणार. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशच्या कायद्यांविरुद्ध कुरेशी समाजातले लोक सुप्रीम कोर्टात गेले. यातला मध्य प्रदेशचा कायदा म्हणजे १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा कायदा. १९५६ पर्यंत आपला विदर्भ त्याच राज्यात होता. २३ एप्रिल १९५८ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. गायीऐवजी बकरा किंवा उंट चालतो, म्हणून गायीची कुर्बानी सक्तीची नाही, असे म्हणत धार्मिक स्वातंत्र्याचा मुद्दा फेटाळला. गाय आणि वासरांवरील संपूर्ण बंदी वैध ठरली. पण कामातून गेलेल्या बैल-म्हशींवरची संपूर्ण बंदी अवाजवी ठरली. भाकड जनावरे कामाच्या जनावरांचा चारा खातात, हे त्यामागचे गणित होते.

२६ ऑक्टोबर २००५ रोजी गुजरातच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक मताने, हे गणित फिरवले. बैल म्हातारा झाला तरी शेण आणि मूत्र देतो, म्हणून तो कधीच निरुपयोगी होत नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. अनुच्छेद तोच राहिला, उत्तर मात्र बदलले.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. बैल मात्र दाखला मिळाल्यावर कापता येत असे. १९९५ मध्ये युती सरकारच्या काळात बैल आणि वळूंचाही समावेश करणारे विधेयक मंजूर झाले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पण परराज्यातून आणलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम रद्द केले.

त्यानंतर तिसरे कारण पुढे आले, ते क्रूरतेचे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. धर्माला आवश्यक अशा पद्धतीने प्राणी मारणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही, असे त्याचे कलम २८ सांगते. तरीही २३ मे २०१७ रोजी याच कायद्याखाली केंद्राने गुरांच्या बाजाराचे नियम काढले. कत्तलीसाठी जनावर विकत नाही, असे हमीपत्र बाजारात द्यायचे. त्यात म्हशीही आल्या आणि उंटही. आठवडाभरात मदुराई खंडपीठाने स्थगिती दिली आणि ११ जुलै रोजी सुप्रीम कोर्टाने ती देशभर लागू केली.

याच कायद्याची दुसरी गोष्ट बैलगाडा शर्यतीची आहे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टू आणि शर्यती क्रूरता म्हणून बंद केल्या. २०१७ मध्ये तमिळनाडू आणि महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती मान्य केली. शर्यतींना माझा विरोध नाही. तिथे सरकारने निदान उघडपणे सांगितले की ही आमची परंपरा आहे. लारी आणि सादुल्ला एवढेच मागत होते.

कारण लपले की किंमत कोण मोजतो? आधी शेतकरी. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून नवी जोडी घ्यायची, हा त्याचा जुना व्यवहार मोडला. मग कुरेशी व्यापारी. म्हशीची वाहतूक कायदेशीर असली तरी रस्त्यात गाडी अडवणारा जमाव कागद वाचत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशींनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा दोघांचे नाते किती जवळचे आहे ते बाजारात दिसले. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार होता, हे आपण विसरलो होतो.

आता थोडे आपल्या माणसांशी. वाहतुकीचे १९७८ चे नियम एका मालवाहू वाहनात सहापेक्षा जास्त गुरे नेऊ देत नाहीत. २००१ चे कत्तलखान्यांचे नियम एका जनावरासमोर दुसरे कापू देत नाहीत. यात शरियतविरोधी काय आहे? सुरी धारदार ठेवा, जनावराला त्रास देऊ नका, हे पैगंबरांनी चौदाशे वर्षांपूर्वी सांगितले. वीस जनावरे कोंबलेला ट्रक कायद्यात बसत नाही आणि दीनमध्येही बसत नाही. गाडी अडवणाऱ्यांचा जुलूम सांगताना हे सांगायला आपण कचरू नये.

सरकारकडे मागणी मात्र लारींचीच राहील. बंदी श्रद्धेसाठी असेल तर तसे म्हणा, आणि मग त्या श्रद्धेचा खर्चही उचला : भाकड बैलाची योग्य किंमत शेतकऱ्याला द्या, रोजगार गेलेल्या कुरेशीला दुसरा धंदा द्या. क्रूरतेसाठी असेल तर नियम सगळ्या जनावरांना सारखे लावा, आणि गाडी तपासण्याचा अधिकार फक्त पोलिसांकडे ठेवा. यातले कोणतेही कारण आम्ही समजून घेऊ. फक्त ते एकदा स्पष्ट सांगा.