चक्री वादळांचा मार्गवेध : अरबी समुद्र व महाराष्ट्र

चक्री वादळाच्या केंद्राचे वेळोवेळचे स्थान ठरवून त्याने आक्रमिलेला मार्ग नकाशावर रेखाटणे व त्यावरून त्याच्या पुढील वाटचालीचा अंदाज करणे, यास मार्गवेध म्हणतात. पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागातील ‘टायफून’, अटलांटिकमधील ‘हरिकेन’ आणि हिंदी महासागरातील चक्री वादळ हे एकाच वातावरणीय आविष्काराचे प्रदेशपरत्वे भिन्न नामधारी प्रकार होत. कृत्रिम उपग्रहांच्या पूर्वी, सु. सव्वाशे वर्षे हा मार्गवेध मुख्यतः दोन साधनांवर अवलंबून होता : जहाजांच्या रोजनाम्यातील नोंदी व किनाऱ्यावरील वेधशाळांची निरीक्षणे.

इतिहास : वादळातील वारे एका केंद्राभोवती फिरतात व ते केंद्रही स्थलांतर करीत असते, ही गोष्ट अमेरिकेत विल्यम रेडफील्ड यांनी १८३१ मध्ये मांडली. विल्यम रीड यांनी १८३८ मध्ये तिचा विस्तार केला. हिंदी महासागरातील वादळांचा पद्धतशीर अभ्यास कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन यांनी केला. वादळात सापडून परतलेल्या जहाजांचे रोजनामे मिळवावयाचे, एकाच वेळच्या नोंदी नकाशावर मांडावयाच्या व त्यांवरून केंद्र शोधावयाचे, ही त्यांची रीत होती. १८४५ मध्ये मॉरिशसनजीक वादळात सापडलेले ‘चार्ल्स हेडल’ हे गलबत काही दिवस वाऱ्याबरोबर वाहवत केंद्राभोवती वारंवार घिरट्या घालीत राहिले. त्याच्या रोजनाम्यावरून वाऱ्याच्या चक्राकार गतीचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. वेटोळे घातलेला सर्प या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ ही संज्ञा पिडिंग्टन यांनीच रूढ केली. १८४८ मध्ये नाविकांसाठी त्यांनी लिहिलेल्या पुस्तकासोबत वाऱ्यांच्या दिशा दाखविणारी पारदर्शक शिंगाची चकती असे. ती सागरी नकाशावर ठेवून कप्तानास केंद्राची दिशा अजमाविता येई.

१८६४ च्या ऑक्टोबरमधील वादळाने कलकत्त्यात हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. मुंबई बंदरासाठी ती १८८० मध्ये आली व १८८६ पर्यंत भारतातील सर्व बंदरांना लागू झाली. दरम्यान १८७५ मध्ये भारतीय वातावरणवैज्ञानिक विभागाची स्थापना होऊन हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे प्रमुख झाले. पूर्वेकडे मानिला येथील वेधशाळेतून फेदेरिको फाउरा या जेझुइट पाद्र्यांनी १८७९ मध्ये टायफूनचा इशारा प्रथमच आगाऊ प्रसृत केला, तोही याच काळात.

निरीक्षणाची तत्त्वे : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी वायुदाबाचे क्षेत्र डाव्या हातास असते. बाइज बॅलट यांनी १८५७ मध्ये सांगितलेला हा नियम मार्गवेधाचा पाया होय. दोन वा अधिक जहाजांवरून एकाच वेळी वाऱ्याची दिशा कळली, तर प्रत्येक ठिकाणाहून केंद्राच्या दिशेने काढलेल्या रेषा जेथे छेदतात तेथे केंद्र असावे, असे अनुमान निघते. वारे नेमके वर्तुळाकार न वाहता काहीसे आत वळत असल्याने या रेषांत थोडी दुरुस्ती करावी लागते.

वायुदाबमापकाचे वाचन तितकेच महत्त्वाचे आहे. उष्ण कटिबंधात वायुदाब दररोज सकाळी व रात्री दहाच्या सुमारास उच्चतम आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास नीचतम असतो. ही भरती-ओहोटी अत्यंत नियमित असल्याने तीत बिघाड होणे, हीच धोक्याची खूण ठरते. वादळ शेकडो किमी. दूर असतानाही संथ, लांब लाटांचा फुगारा किनाऱ्यावर येऊ लागतो व तो कोठून येतो यावरून वादळाची दिशा कळते.

एकाच ठिकाणी वाऱ्याची दिशा कशी बदलते, यावरून निरीक्षक मार्गाच्या कोणत्या बाजूस आहे हे ठरते. उत्तर गोलार्धात मार्गाच्या उजवीकडे वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तर डावीकडे उलट फिरतो. उदा., वादळ ईशान्येस जात अलिबागच्या दक्षिणेकडून किनारा ओलांडीत असेल, तर मुंबईस वारा पूर्वेकडून उत्तरेस व पुढे वायव्येस वळेल. रत्नागिरीस मात्र तो आग्नेयेकडून दक्षिणेस व नैर्ऋत्येस वळेल. जहाजास उजवी बाजू अधिक धोक्याची. कारण तेथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या गतीची भर पडते.

अरबी समुद्र : मुंबईत कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली व १८४१ पासून तेथे नियमित वातावरणीय निरीक्षणे होऊ लागली. पुढे डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ले इ. ठिकाणच्या निरीक्षणांची साखळी तयार झाली. तारायंत्रामुळे ती एकत्र येत. बंदरावर दिवसा शंकू व नळकांडी आणि रात्री दिवे टांगून खलाशांना क्रमांकित बावटे दाखविले जात.

तथापि ही सर्व व्यवस्था किनाऱ्यावरची होती. बंदर सोडलेल्या जहाजाशी संपर्काचे साधनच नव्हते. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून द्वारकामार्गे मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तीवरील सातशेहून अधिक माणसांपैकी कोणीही वाचले नाही. जे जहाज वादळाच्या सर्वांत निकट पोहोचले, त्याची नोंद त्याच्याबरोबरच बुडाली. रोजनाम्यांवर आधारलेल्या पद्धतीची ही मूलभूत मर्यादा होती : वाचलेल्यांचीच साक्ष मिळे व तीही वादळ ओसरल्यावर.

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशवहनाने ही स्थिती पालटली. जहाजांची निरीक्षणे त्याच दिवशी नकाशावर येऊ लागली. स्वेच्छेने निरीक्षण करणाऱ्या जहाजांवर अधिकारी ठराविक वेळी (भारतीय वेळेनुसार ५·३०, ११·३०, १७·३० व २३·३० वाजता) वारा, वायुदाब, तापमान, ढग व लाटा यांची नोंद करून सांकेतिक संदेश पाठवितात. परंतु या सुधारणेतून एक नवाच पेच उद्‌भवला. इशारा वेळेवर मिळाल्याने जहाजे वादळापासून दूर जाऊ लागली; माणसे वाचली, पण केंद्राजवळची निरीक्षणे विरळ झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात मुंबईस स्थापन झालेल्या वातावरणवैज्ञानिक केंद्राने (१९६३–६५) या प्रदेशातील जहाजे, विमाने व उपग्रह यांची माहिती एकत्र आणली. १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस–१ या उपग्रहाने ढगांची चित्रे पाठविण्यास प्रारंभ केला होता. पुढे इन्सॅट मालिकेतील उपग्रह व किनाऱ्यावरील रडार यांनी समुद्रावरील पोकळी भरून काढली.

पुण्याचे स्थान : विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील इमारतीस ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्यामुळेच पडले. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले, तरी हवामानाचे विश्लेषण, उपकरणांची निर्मिती व नोंदींचा संग्रह ही कार्ये पुण्यात राहिली. जागतिक वातावरणवैज्ञानिक संघटनेने १९६३ मध्ये जहाजांच्या निरीक्षणांचे संकलन करण्याची जबाबदारी काही देशांकडे सोपविली. त्यांत भारत होता. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात अशा रीतीने सागरी नोंदींचे भांडार उभे राहिले. १८७७ पासूनच्या वादळांचे व न्यूनदाब क्षेत्रांचे मार्ग दाखविणारे नकाशासंग्रह विभागाने प्रसिद्ध केले आहेत.

किनाऱ्यापलीकडील मार्ग : वादळ जमिनीवर येताच क्षीण होत असल्याने घाटमाथ्यापलीकडील प्रदेश त्यापासून सुरक्षित आहे, असा सर्वसाधारण समज होता. ‘निसर्ग’ वादळाने तो खोटा ठरविला. ३१ मे २०२० रोजी अरबी समुद्रात न्यूनदाब क्षेत्र निर्माण झाले. २ जून रोजी त्याचे चक्री वादळात व ३ जूनच्या पहाटे तीव्र चक्री वादळात रूपांतर झाले. आरंभी उत्तरेकडे सरकणारे हे वादळ ईशान्येस वळून त्याच दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी. होता. नंतर ते क्षीण होत रायगड व पुणे जिल्ह्यांवरून उत्तर महाराष्ट्राकडे गेले.

किनाऱ्यापासून सु. १०० किमी. अंतरावरील चाकण व त्यालगतचा पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा या टापूत येतो. मावळ, खेड व जुन्नर तालुक्यांत झाडे व विजेचे खांब पडले, हरितगृहे उद्‌ध्वस्त झाली, घरांवरील पत्रे उडाले. खेड तालुक्यात मनुष्यहानीही झाली. पत्र्याच्या छपरांखाली राहणारे कामगार व शेतकरी यांना बंदरावरील बावट्याचा उपयोग नव्हता. त्यांच्या दृष्टीने वादळ किनारा कोठे ओलांडते याइतकेच ते पुढे कोणीकडे वळते, हेही महत्त्वाचे होते. येथे जहाजांची जागा पाषाण, लोहगाव, चिंचवड यांसारख्या ठिकाणची भूपृष्ठीय निरीक्षणे घेतात. पद्धतीचे तत्त्व पिडिंग्टन यांचेच राहते.

नोंदींचे मूल्य : जुन्या मार्गांचा उपयोग करताना सावधगिरी आवश्यक आहे. उपग्रहपूर्व काळातील अरबी समुद्राच्या नोंदी मुंबई–एडन, कोलंबो–एडन अशा जलमार्गांलगत दाट आहेत, तर इतरत्र विरळ. जलमार्गांपासून दूर उगम पावून दूरच विरलेली काही वादळे नोंदीतून निसटली असण्याचा संभव आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजांनी संदेश पाठविण्यावर निर्बंध होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. म्हणून या समुद्रातील वादळांची संख्या वाढली काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ नकाशावरील रेषा मोजून देता येत नाही. प्रत्येक रेषेमागे किती जहाजे होती, हेही पहावे लागते. बंदरे, वीजवाहिन्या, कारखान्यांच्या छपऱ्या व वस्त्या यांची बांधणी किती वेगाच्या वाऱ्यास पुरेशी असावी, हे अशा नोंदींवरूनच ठरते. त्यामुळे रोजनाम्यातील शतकापूर्वीची एखादी ओळही व्यवहारात उपयोगी पडते.