कॉफीच्या झाडाखालचा हिशेब



कॉफीचा इतिहास लिहिणारे पॅरिसच्या कॉफीहाउसपासून सुरुवात करतात. तिथं म्हणे समतेच्या गप्पा रंगायच्या. मी मळ्यापासून सुरुवात करतो. कारण कपात काय होतं यापेक्षा ते कुणी पिकवलं, हा आपला प्रश्न आहे.

कॅरिबियन समुद्रातली सेंट-डोमिंग ही फ्रेंचांची वसाहत. 1789 च्या सुमारास जगातली निम्म्याच्या आसपास कॉफी एवढ्या एका वसाहतीतून जायची. डोंगरावरचं जंगल तोडून मळे उभे केले ते आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांनी. गुलाम 5 लाखांच्या घरात, गोरे 40 हजारसुद्धा नाहीत. फ्रान्सच्या राजाच्या 1685 च्या कायद्यात गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता. टेबलखुर्चीसारखी.

ऑगस्ट 1791 मध्ये ही टेबलखुर्ची उठली. मळे पेटले. पॅरिसनं गुलामगिरी रद्द केली ती 1794 साली, म्हणजे बंडानंतर. ते दान नव्हतं, ते हिसकावून घेतलेलं होतं. 1802 साली नेपोलियनची फौज येऊन धडकली. पुढारी तूसाँ लूव्हर्त्यूर दगलबाजीनं पकडला गेला, 1803 मध्ये फ्रान्सच्या तुरुंगात मेला. पण लोक मागं हटले नाहीत. 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झाला.

लोकांनी जमिनीचे तुकडे धरले, स्वतःची कॉफी पिकवू लागले. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मालक वसुलीला आला. 1825 साली फ्रान्सच्या राजानं लढाऊ जहाजं पाठवून 15 कोटी फ्रँक मागितले. कशाचे? जुन्या मळेवाल्यांची नुकसानभरपाई! 1838 साली आकडा 9 कोटींवर आला. तो फेडायला कर्ज काढलं, आणि कर्ज फेडायला कॉफीवर कर. म्हणजे नातवानं कॉफी पिकवायची आणि आज्याच्या मालकाचं देणं भागवायचं. चाबूक खाल्ला त्याला मात्र छदाम नाही.

हे लांबचं वाटतं? 1958 च्या कायद्यानं आपलं महारवतन गेलं. पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली ती आपल्या बापजाद्यांनी. तरी वतनाची जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची तर सरकारात पैसे भरायचे कुणी? आपणच.

म्हणून सांगतो, बेडी तुटली की लगेच चोपडी मागा. बेडी तोडणारे इतिहासात पुष्कळ झाले. पण हिशेब लिहायची लेखणी मालकाच्याच हातात राहिली, तर सुटकेचंही बिल आपल्याच नावावर फाटतं.