मर्यादेचे स्वातंत्र्य

देशभक्ती आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे भांडण आपल्याकडे पारावर, एस.टी.च्या गाडीत आणि आता हातातल्या मोबाइलवरही अहोरात्र चाललेले असते. एक पक्ष म्हणतो, देश आधी, माणूस मागाहून. दुसरा म्हणतो, माणूसच मोकळा नसेल तर त्या देशाला घेऊन काय करायचे? मी स्वतः जुन्या वळणाचा माणूस आहे. घंटा झाली की मुलांनी रांगेत उभे राहावे, सार्वजनिक वस्तूस धक्का लावू नये, हक्क मागण्याआधी आपले काम चोख करावे, असे मानणारा. तेव्हा माझा कल पहिल्या पक्षाकडे असणार, असा तर्क वाचक करतील, आणि तो बराचसा बरोबरही आहे. परंतु ज्या कृष्णाकाठी राहून मी मुलांना इतिहास शिकवतो, त्या सातारा-सांगलीच्या भूमीने या प्रश्नाला आपले एक उत्तर देऊन ठेवले आहे. ते दोन्ही पक्षांना थोडे अडचणीचे आहे.

आधी भूगोल स्पष्ट केला पाहिजे. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो, त्यातील वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. या ब्रिटिश मुलखाच्या पोटात औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने बेटांसारखी विखुरलेली होती. एका गावी इंग्रजांचा अंमल, तर शेजारच्या गावी राजेसाहेबांचा. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही सरमिसळ ध्यानात ठेवावी लागते.

औंध हे त्यांतले एक चिमुकले संस्थान. गावे बहात्तर, लोकसंख्या सुमारे पाऊण लाख. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते, चित्रकार आणि कीर्तनकार. म्हणजे वृत्तीने धार्मिक आणि परंपरेला धरून चालणारे. याच राजाने आपले चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश अभियंता यांच्या साहाय्याने, गांधीजींचा सल्ला घेऊन, २१ जानेवारी १९३९ रोजी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना अमलात आणली. गावोगाव पाच पंचांची निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची सभा आणि वर कायदेमंडळ, अशी तिची रचना होती. मतदाराला लिहितावाचता आले पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा पडली. आटपाडीनजीक स्वतंत्रपूर नावाची भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत उभी राहिली. खुनाची शिक्षा भोगणारी माणसे तेथे कुटुंबासह शेती करू लागली. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला.

औंधाच्या राजावर प्रजेने चाल केली नव्हती, इंग्रजांनी त्याला भाग पाडले नव्हते. त्याने आपण होऊन आपल्या हाताला बांध घातला. शिवाय ज्या प्रजेला अधिकार द्यायचा, तिच्यावरही अट घातली: आधी अक्षर गिरव. आज ती अट कोणी मागू नये. आपल्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले, हे योग्यच झाले. पण मत हा नुसता हक्क नसून त्यासाठी काही तयारी करावी लागते, ही त्यामागची भावना मात्र आपण अटीबरोबर टाकून दिली. भवानरावांसारखा सनातनी वृत्तीचा राजा स्वातंत्र्य देतो आणि ते देताना शिस्त सोडत नाही, हे दृश्य ज्यांना परंपरा आणि स्वातंत्र्य ही हाडवैरी वाटतात त्यांनी जरूर पाहावे.

औंधात हे चालले असता पलीकडच्या ब्रिटिश मुलखात वेगळाच वणवा पेटत होता. १९४२ च्या ऑगस्टपासून कराड, तासगाव, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर निःशस्त्र लोकांचे मोर्चे गेले. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ माणसे धारातीर्थी पडली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात दोघे पडले. मोर्चाने सरकार हालत नाही असे दिसल्यावर तरुण भूमिगत झाले आणि त्यातून क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी गाडी लुटली गेली. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे मारले गेले आणि दादा स्वतः गोळी लागून जखमी झाले. जी. डी. बापू लाड यांचे कुंडल हे गाव औंध संस्थानातले. इंग्रज पोलीस मागे लागले की भूमिगतांना औंधाच्या हद्दीत आसरा मिळे. राजाच्या सौम्य घटनेच्या सावलीत बंडखोर विसावत होते, हा योग इतिहासात वारंवार येत नाही.

प्रतिसरकार केवळ लुटालुटीसाठी नव्हते. इंग्रजांचा कायदा झिडकारल्यावर गावात कायदाच उरला नाही असे होऊ नये, ही त्यांची खरी चिंता होती. दरोडेखोरांचा बंदोबस्त, दारूबंदी, अल्प खर्चातले गांधी-विवाह, बायकोला टाकणाऱ्याला जाब, सावकारी पाशातून शेतकऱ्याची सुटका, अशी कामे त्यांनी केली. न्यायदान मंडळे गावातच बसत आणि वर्षानुवर्षे दिवाणी कोर्टात कुजणारे तंटे एका बैठकीत मिटत. आमच्या भागातली जुनी माणसे आजही त्या दिवसांविषयी बोलू लागली की ताठ बसतात.

पण या न्यायाला दुसरी बाजू होती आणि ती लपवणे हे इतिहासशिक्षकाला शोभणार नाही. खबऱ्या ठरलेल्या माणसाच्या तळपायांवर फटके बसत. या शिक्षेमुळेच लोकांच्या तोंडी प्रतिसरकारचे 'पत्री सरकार' झाले, असे सांगतात. काहींना प्राणासही मुकावे लागले. आरोप करणारा, न्याय देणारा आणि शिक्षा अमलात आणणारा हे तिघे एकाच गटातले असले, म्हणजे आरोपीने दाद कोठे मागावी? ज्याच्यावर फटके पडले तो खराच फितूर होता की त्याचे कोणाशी बांधावरून वैर होते, हे पाहणारे वरचे कोर्ट नव्हते. युद्धाच्या काळात, परकी सत्तेच्या दातांत सापडलेल्या माणसांना हे सारे निकराने करावे लागले, हे मी समजू शकतो. त्यांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. मात्र हे वर्तन आणीबाणीचे होते. त्याला नित्याचा धर्म मानता येणार नाही.

हे ओळखण्याइतके शहाणपण त्या कार्यकर्त्यांपाशी होते, ही माझ्या मते प्रतिसरकारची सर्वांत मोठी कमाई. १९४४ साली सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला, तेव्हा साताऱ्याने तो मानला नाही. पण १९४६ साली मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले आणि नाना पाटील उजेडात आले. प्रतिसरकार हळूहळू विसर्जित झाले. जिल्ह्यातील शेकडो गावांत ज्यांचा शब्द चालत होता, त्यांनी तो शब्द चालवणे थांबवले आणि मतपेटीपुढे इतरांसारखे रांगेत उभे राहिले. पुढे त्यांच्या वाटा फुटल्या. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत गेले, जी. डी. बापू शेतकरी कामगार पक्षात राहिले, वसंतदादा काँग्रेसमध्ये राहून मुख्यमंत्री झाले. एकाच रानात एकाच भाकरीचे तुकडे खाल्लेली माणसे तीन झेंड्यांखाली उभी राहिली. यांतला खरा देशभक्त कोणता, असे ज्यांना विचारावेसे वाटते, त्यांनी कुंडलला जाऊन विचारून पाहावे. उत्तर मिळेल, पण ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.

आता याच भूमीवरची काळी पाने उलटली पाहिजेत. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत जमाव निघाले आणि ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरे त्यांनी जाळली. आटपाडीजवळचे माडगूळ हे गाव. तेथले माडगूळकरांचे घरही त्या आगीत गेले. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांची आहे. जो मुलूख दोन वर्षांपूर्वी स्वतःचा न्याय स्वतः करीत होता, ज्या संस्थानात नऊ वर्षांपूर्वी ग्रामराज्य आले होते, तेथेच हे घडावे! जाळणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण देशकार्य करीत आहोत असेच वाटत असेल. राष्ट्रपित्याच्या शोकाचे नाव घेऊन शेजाऱ्याच्या वाशांना काडी लावता येते, आणि ज्याने आयुष्यभर अहिंसा सांगितली त्याच्याच नावाने हे करता येते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. त्याच आठवड्यात अनेक गावांतून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना आपल्या माजघरात लपवले, त्यांची धान्याची कणगी सांभाळली. या माणसांनी घोषणा दिल्या नाहीत. मर्यादा पाळली ती त्यांनी.

चौथा प्रसंग कराडचा. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. चव्हाण देवराष्ट्र्याचे, बेचाळीसच्या लढ्यातले आणि त्या वेळी केंद्रात मंत्री. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीचा निषेध केला आणि तुरुंगवासानंतर आजारी असलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सर्वांनी प्रार्थना करावी, असे आवाहन केले. पुढे त्यांनाही तुरुंगवास घडला. दुर्गाबाईंनी यजमानांना शिव्या घातल्या नाहीत की संमेलन उधळले नाही. लोकसाहित्य आणि संतवाङ्मय यांत जन्म घालवलेल्या त्या बाईंनी सभेची रीत सांभाळून सत्तेला जे सांगायचे ते तोंडावर सांगितले. निर्भयतेसाठी असभ्य व्हावे लागत नाही, हे नव्या पिढीने यावरून शिकावे. आणि सभ्यतेच्या नावाखाली गप्प बसता येत नाही, हे माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या लोकांनी.

याच आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. ध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर, सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, ही कर्तव्ये मला मनापासून पटतात. मी ती मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु ज्या वर्षी नागरिकाचे हक्क गुंडाळून ठेवले होते, त्याच वर्षी त्याला कर्तव्यांची यादी देण्यात आली, हेही मी त्यांना सांगतो. कर्तव्य हे हक्कांच्या शेजारी बसवायचे असते. हक्क उठवून त्याच्या जागी बसवले, तर त्याचा हुकूम होतो.

केरळातल्या तीन मुलांची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. ती शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. माझ्या वर्गात एखादा मुलगा गायला नाही तर मला रुचणार नाही, हे खरे. पण जो ताठ उभा आहे त्याच्या ओठांची झडती घेण्याचा अधिकार मला कोणी दिला? मुलाच्या मनात देशप्रेम रुजवणे हे शिक्षकाचे काम. ते रुजले की नाही हे दरडावून तपासणे हे त्याचे काम नव्हे. दरडावण्याने मुले गातात, पण बाहेर पडल्यावर नक्कल करून हसतात.

आता आजच्या राजकारणाकडे वळू. 'देशद्रोही' हा शब्द पूर्वी तोलून वापरला जाई. आज तो निवडणुकीतल्या चिवड्यासारखा वाटला जातो. ज्या १२४ अ कलमाखाली टिळकांना १८९७ आणि १९०८ साली शिक्षा झाली, ते स्वतंत्र भारतातही राहिले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता यांना धोका पोचवणाऱ्या कृत्यांसाठी वेगळे कलम आले. देश टिकवण्यासाठी कायदा हवाच, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. घराला कडी असावी. पण कोणाला आत कोंडायचे ते पुराव्यानिशी न्यायाधीशाने ठरवावे, रस्त्यावरच्या जमावाने नव्हे. पत्री सरकारापाशी परकी सत्तेची तरी सबब होती. आपल्यापाशी स्वतःची राज्यघटना आहे, वरची कोर्टे आहेत, पाच वर्षांनी येणारे मत आहे. आपल्याला ती सबब नाही.

स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. स्वतःच्या मागणीसाठी एस.टी.च्या काचा फोडायच्या, रस्ता अडवून आजाऱ्याची गाडी रोखायची, कर चुकवायचा, आणि कोणी बोलले की व्यक्तिस्वातंत्र्याची ढाल पुढे करायची, हे स्वातंत्र्य नव्हे. स्वतंत्रपूरच्या कैद्यांना भिंत नव्हती, कारण त्यांनी भिंतीचे काम स्वतःच्या मनाकडे घेतले होते. ज्या समाजाला मनाची भिंत नको असते, त्याला पुढे दगडाची बांधून द्यायला कोणी ना कोणी टपलेलेच असते.

औंधच्या राजाने आपल्या सत्तेला सीमा घातली, प्रतिसरकारने आपल्या बंडाला, माजघरात शेजारी लपवणाऱ्यांनी आपल्या संतापाला आणि दुर्गाबाईंनी आपल्या निषेधालाही. जेथे ही सीमा सुटली, तेथे देशाचे नाव घेऊनच देशाची घरे जळाली. म्हणून देशभक्ती ही दुसऱ्याची उंची मोजायची काठी नव्हे, असे मी मानतो. ती प्रथम स्वतःच्या हाताला बांधायची दोरी आहे. ती ज्याने बांधून घेतली, त्यालाच दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविषयी बोलण्याचा अधिकार पोचतो.